चिंधी

मशीन गोव्याचं. जुन्या बाजारातून, चोर्ल्याच्या घाटानं आलेलं,
वाळूत पर्यटकांच्या अंगठ्या हुंगून सवयलेलं.
जांबोटीच्या तांबड्या मातीवर धरलं
तर पहिल्या पावलापासून ओरडायलाच लागलं.
काही नसताना. नुसत्या जमिनीवर.

"इथली मातीच लोखंड खाऊन बसलीय,"
भरमाकाका म्हणाले. "आधी तिला गप कर.
थाळी वरखाली कर, वरखाली, जमिनीची सवय होऊदे त्याला.
मग बाकीचं ऐक."

काका सैन्यात सुरुंग शोधायचे.
आता डावा कान गेलाय, उजव्यात बारीक आवाज शिरत नाहीत.
म्हणून हेडफोन माझ्या डोक्यावर
आणि काका बांधावर, टोपी गुडघ्यावर.
"काय म्हणालंय?"
वाजलं, मी म्हणते.
"वाजलं ते काट्यावरनं दिसतंय मला. कसं वाजलं?"

कसं वाजलं.
जन्मभर बोलतेय, तर ह्याला शब्द नव्हता.
पहिल्या दिवशी : टूं.
चौथ्या दिवशी : कढईत मोहरी, शेवटची एक उशिरा तडतडलेली.
आठव्या दिवशी : मल्लव्वा आत्ती होकार देते तसं.
माझ्या वडलांची बहीण, गोकाकला संसार करून परत आलेली,
हौदु म्हणून सुरू करते, संपेपर्यंत त्याचं नाही झालेलं असतं.
काका हसले. "मग लोखंड ते. खिळा असंल, आडवा पडलेला.
वळ. उत्तरेकडनं ये."
उत्तरेकडून काहीच नव्हतं.
तरी मी खणलं.
खिळा. आडवा.

गुटख्याच्या पुडीतली चांदी सोन्यासारखी वाजते
हे कळायला तेरा खड्डे लागले.
बैलाची पत्री खोल गंजून पडली की रुपयासारखी गाते.
एकच भोकाचा पैसा चारीकडून एका सुरात बोलला,
काढला तेव्हा भोकातून
कसलंसं मूळ आरपार गेलेलं.

आणि काका. आवाज पक्का असो नसो,
पोटावर झोपतात,
काठीनं तिरकं टोचत टोचत पुढं सरकतात, श्वास धरून,
एका पुडीभोवती अर्धा तास.
"तिकडं शंका आली की होय धरायचं.
इथं शंका आली की नाही.
डोक्याला कळालंय, खरं हाताला कळंना."

शोधतोय ती बुगडी आहे. आईची.
मळणीत हरवलेली, अकरा वर्षं झाली.
कुठं म्हणून विचारलं तर आई म्हणाली, खळ्याजवळ.
भाकरी थापताना विचारलं तर, ओढ्याच्या अंगाला, तोंड धुताना.
तापात म्हणाली, हरवली कुठं, कोनाड्यात काढून ठेवली होती.
परवा म्हणाली, जाऊदे गो, कसली बुगडी.

मी वळून वळून आले, पूर्वेकडून, उत्तरेकडून.
जागा सरकते.
सकाळ असते ती कधी तिन्हीसांज होते.
एकच गोष्ट चारीकडून जिथल्या तिथं वाजते :
मल्लव्वा आत्ती शेजारी होती.

आत्ती अजून रोज ताकाचा तांब्या घेऊन येते,
आईच्या केसांतली गुंत सोडवते, कन्नडमधून रागावते,
आई मराठीतून हसते.

काकांना सांगितलं, नाव गाळून.
म्हटलं, एक आवाज आहे, पक्का, खोल. खणू?
काका बराच वेळ टोपी झटकत बसले.
"त्या वाटेनं कोण जातं येतं?"
आमचीच माणसं.
"रोज?"
रोज.

त्यांनी खिशातून चिंधी काढली. लाल, किनार उसवलेली.
"आम्ही सगळेच काढत नव्हतो गो.
काहींवर हे लावायचं, आणि
बाजूनं वाट पाडायची."

कापलेल्या भाताच्या धसांत
जिथं मशीन काहीच बोलत नव्हतं
तिथं एका काटकीला मी ती बांधली.

संध्याकाळी आत्ती आली.
"सिक्तेनु?" सापडली का, तिनं विचारलं.
शेवटाला जरासं तुटलं.
मी तिच्या हातातला तांब्या घेतला.